ठप्प्याखालचे तांदूळ

रुख्मामावशीच्या हाती पुठ्ठ्याचं खोकं आलं की ती आधी त्याचा वास घेई. नाक थेट आत घालून, डोळे मिटून. मग ते उलटं करून बुडावर टिचकी मारी, कोपऱ्यांत बोट फिरवी, आणि एवढं सगळं झाल्यावर देणाऱ्याच्या तोंडाकडे असं पाही की त्यालाच वाटावं, आपण चोरीचा माल तर खपवत नाही ना.

गोंदियाच्या बाजारातला किराणावाला छोटेलाल तिच्यासाठी साबणाची, चहाची, काडेपेट्यांची रिकामी खोकी बाजूला ठेवत असे.

"ले जा बाई, कचरा ही तो है," तो म्हणे.

"कचरा आहे तं आतापावतर दुकानात काऊन ठेवला होता?" मावशी विचारी.

छोटेलाल कपाळाला हात लावी. पण पुढच्या बाजारी खोकी ठेवलेली असतच, कारण त्याच्या घरचे पोहे मावशीनं केलेल्या टोपल्यातच राहत आणि त्यांना कधी किडा लागत नसे.

रेलटोलीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, शेजारणीशी गोड बोल, पण तिच्यासमोर पदराखाली काही नेऊ नको. मला वाटलं, म्हातारी उगीच घाबरवते आहे. दुसऱ्या दिवशी मी अंगणातून वाळलेल्या पोलक्यांची गुंडाळी घेऊन चालले होते, तर भिंतीवरून आवाज आला, "काय नेऊन राहिली वं, शकुन?" मी पोलकी एकेक उलगडून दाखवली तेव्हा कुठे ते डोकं भिंतीखाली गेलं. तेव्हापासून मीही ठरवलं, जी बाई साऱ्या जगावर संशय घेते, तिच्यावर कुणीतरी नजर ठेवलीच पाहिजे. ते काम मी पुष्कळ वर्षं मनापासून केलं.

तर ती खोकी. मावशी ती फाडून अंगणातल्या फुटक्या रांजणात भिजत घाली. पुठ्ठा गळून गेला की उखळात घालून कुटी, त्यात वाटलेल्या मेथ्या आणि थोडी पांढरी माती मिसळी, आणि पालथ्या मडक्यावर तो लगदा थापत जाई. उन्हात वाळला की मडकं काढून घ्यायचं आणि वरून आतून पुन्हा मातीचा हात फिरवायचा. झालं टोपलं. मेथीचा कडूपणा किड्यांना सोसत नाही, आणि तिचा चिकटपणा लगद्याला धरून ठेवतो. लढाई सुरू झाली, पत्र्याचे डबे मिळेनासे झाले, तेव्हा तर साऱ्या रेलटोलीचं पीठ, डाळ, पोहे मावशीच्या टोपल्यांतच शिरले. रीत अशी होती की तुम्ही खोकी आणून द्यायची, अर्ध्या लगद्याचं टोपलं तुमचं, अर्धा लगदा तिचा. ती अर्ध्याहून जास्त ठेवते असा प्रत्येकीला संशय होता. मलाही होता. अजूनही आहे.

बेचाळीसच्या सालात एक हवालदारही येऊन गेला. बाईच्या घरी एवढा कागद कशाला जातो, पत्रकं बित्रकं तर नाहीत, असं कुणीतरी त्याच्या कानात घातलं होतं. त्यानं रांजणात काठी घालून ढवळलं आणि त्या आंबूस वासानं नाकाला रुमाल लावून तो निघून गेला. मावशीला त्याचा राग आला नाही. उलट ती मला म्हणाली, "भला माणूस होता. पाहून गेला. न पाहता भरोसा ठेवतेत, ते लोक मले आवडत नाहीत."

हे असं का, हे तिनंच मला एकदा लगदा कुटता कुटता सांगितलं. मुसळ खालीवर होत होतं आणि ती आज भाजी काय केली हे सांगावं तशा आवाजात म्हणाली, "माहा बाप चोर होता, शकुन."

तिचा बाप टिकाराम. बोदलकशाच्या पलीकडच्या एका गावात तो मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, खळ्यावर राखणदार होता. धानाची रास लागली की तिच्यावर राख भुरभुरायची आणि जागोजागी लाकडी ठप्पा दाबायचा, ही त्याची कामगिरी. ठप्प्यावर मधे सूर्य आणि चार कोपऱ्यांत चार ठिपके. राशीला कुणी हात घातला की राख हलणार, सूर्य मोडणार, चोर सापडणार. ठप्पा एकच, आणि तो टिकारामच्या कमरेला. गावात त्याचा मान होता. पोरगी रुख्मा त्याच्या मागे मागे राख घेऊन फिरे.

एका वर्षी आभाळ भरून आलं म्हणून मळणी घाईघाईनं उरकली आणि रास लावली. काही दिवसांनी मालगुजार मोजायला आला तर रास हातभर खाली. सूर्य मात्र सगळे शाबूत. मग आणखी काय पाहायचं? ठप्पा ज्याच्या कमरेला, चोर तोच. त्याच्याशिवाय पुन्हा ठप्पा मारणार कोण? टिकारामनं पायांवर डोकं ठेवलं, शपथा घेतल्या. मालगुजारानं तो ठप्पा त्याच्याच अंगावर फेकला आणि गावातून घालवून दिलं. मायच्या भावांनी घरात घेतलं नाही. लोकांच्या शेतांत धानाची रोवणी करत ती तिघं जगली.

"तुम्हाला वाटतं, त्यांनी चोरलं?" मी विचारलं.

"ठप्पा साबूत होता ना," मावशी म्हणाली. एवढंच. मुसळ थांबलं नाही.

म्हातारपणी टिकाराम लेकीकडेच राहिला आणि तिच्याच घरात वारला. मावशीचा नवरा त्याआधीच गेलेला. ती बापाला दोन वेळा गरम वाढी, आजारपणात पाय चेपी, पण घरच्या तांदळाच्या टोपल्यावर रोज त्याच्या डोळ्यांदेखत राख भुरभुरून त्याचाच ठप्पा मारी. म्हातारा खाटेवरून पाहत राही. एकदाच काय ते बोलला, तेही मावशीनंच मला सांगितलं.

"म्हने, जोरानं नको दाबू, बाई. रास बसते." मावशी हसली. "चोर दुसरं काय म्हनन? बसलीच म्हनन!"

मला ते हसणं आवडलं नव्हतं.

मावशीचा एकुलता एक मुलगा खुशाल रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होता. गरीब स्वभावाचा, म्हणजे आईपुढे तोंड न उघडणारा. त्याचं लग्न झालं दरेकशाच्या प्रेमिलाशी. डोंगरातली पोर. खळखळून हसायची, आणि हाताला अशी कला की चुना आणि गेरू दिला की भिंत बोलायला लागे. मावशीनं पहिल्या आठवड्यात मला भिंतीवरून विचारलं, "हे एवढी हासते काऊन वं? काय लपवून राहिली असन?"

पण मी म्हटलं ना, मीही नजर ठेवून होते. मावशी तिला सगळ्यात मऊ लगदा थापायला देई. प्रेमिलाच्या हाताखालून टोपल्याचा काठ गोल उतरला की मावशीच्या तोंडावर समाधान दिसे आणि कुणी पाहिलं तर लगेच पुसलं जाई. प्रेमिलाला त्या ठप्प्याची भारी हौस. एवढा सुंदर सूर्य राखेतच काऊन उठवता, आत्याबाई, असं तिनं एकदा विचारलं. मावशीनं ठप्पा कनवटीला खोचला आणि दिवसभर तिच्याशी बोलली नाही.

त्या उन्हाळ्यात खुशालनं मालधक्क्यावरून पलटणीच्या मालाची फुटकी खोकी आणली. जाड, राकट, आणि पुठ्ठ्याच्या थरांमधे डांबर. मावशीनं नाक घातलं आणि खूश झाली. डांबराला कीड लागत नाही, मग मेथी कशाला? मेथी तर तेव्हा औषधालाही महाग झाली होती. तिनं आयुष्यात पहिल्यांदा बिनमेथीचा लगदा केला आणि मोठ्या पालथ्या रांजणावर थापून एक दांडगं टोपलं उभं केलं. डांबरामुळे पुठ्ठा नीट भिजेना, लगद्यात काळे कपटे राहत होते. मी म्हटलं, "मावशी, हा लगदा एकजीव दिसत नाही." ती म्हणाली, "तुले काय समजते?" तेही बरोबरच होतं.

आषाढात त्या टोपल्यात घरचा साठवणीचा तांदूळ भरला. कंट्रोलचे, मोजून रेशन मिळण्याचे दिवस, तांदूळ म्हणजे जीव. नवीन धान येईपर्यंत या टोपल्याला हात लावायचा नाही, रोजचं छोट्या टोपल्यातून काढायचं, असा हुकूम निघाला. तांदळाच्या पातळीवर आतून गेरूची रेघ ओढली, वर राख भुरभुरली, मधोमध ठप्पा दाबला. टोपलं आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून. दाराला कुलूप, किल्ली मावशीच्या कनवटीला. झाडलोटीपुरती ती प्रेमिलाला किल्ली देई आणि ती बाहेर येईपर्यंत दारातच उभी राही. तेवढ्यात कुणी हाक मारली तर मात्र मावशीला अंगणात जावंच लागे, आणि सून आत एकटी राही.

नागपंचमी झाली आणि एका सकाळी भिंतीवरून हाक आली.

"शकुन, ये अठी. साक्षीले ये."

मी गेले. मावशीनं टोपल्यावरचं झाकण उचललं. गेरूची रेघ जिथे होती तिथेच होती, पण तांदूळ तिच्या चांगला दोन बोटं खाली. आणि राखेतला सूर्य जसाच्या तसा.

"पाह्यलं? आता हे पाह्य." तिनं पदराखालून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. कात्रीनं कोरून काढलेला. मधे सूर्य, चार कोपऱ्यांत चार ठिपके. तिच्या ठप्प्याशी रेघेला रेघ जुळत होती. "सूनबाईच्या पेटीत भेटला. लुगड्याखाली!"

खोटं कशाला बोलू, तो तुकडा पाहून मलाही सुनेचाच संशय आला.

प्रेमिला चुलीजवळून उठून आली. तुकडा पाहिला, सासूकडे पाहिलं, आणि हसलीच. तिला वाटलं, चोरून केलेली हौस पकडली गेली. "अवो आत्याबाई, ते तं टोपल्यावर सूर्य काढाले कोरलं. चुन्यानं. तुमाले दिवाळीले दाखवाचं होतं."

"कोनत्या टोपल्यावर?"

"याच की. मांगच्या बाजूनं काढून पाह्यला एक, भिंतीकडून, तांदूर भराच्या आधी. टोपलं फिरवा, दिसन."

"फिरवा म्हनते!" मावशी माझ्याकडे वळली. "आयकलं, शकुन? टोपलं फिरवलं की तांदूर हालन, ठप्पा मोडन, न मंग पुरावा कठी राहिला? कोनाले शिकवून राहिली तू? मी टिकारामची पोरगी आहो!"

"मावशी, मी पाहिलं ना आता, फिरवून टाका," मी म्हटलं.

"तू गप."

प्रेमिलाचं हसू गेलं. ती हळूच म्हणाली, "म्हंजे तुमी मले चोर म्हनून राहिल्या?"

"तांदूर माहेरी कोनाच्या हातानं धाडते, ते सांग."

एव्हाना दारात बायका जमल्या होत्या. मावशीनं त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा एकदा सांगितलं, ठप्प्याची नक्कल, सुनेची पेटी, रेघेखालचे तांदूळ. खुशाल कामावरून आला तेव्हा सारी गल्ली अंगणात होती. प्रेमिलानं त्याच्याकडे पाहिलं. "तुमी तरी फिरवून पाहा जी टोपलं," ती म्हणाली.

खुशाल टोपी हातात फिरवत राहिला. टोपी फिरवली, टोपलं नाही. शेवटी म्हणाला, "माय म्हनते तं..." आणि पुढे काही नाही. असा संताप आला मला त्या माणसाचा! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढायला स्वतःचा नवरा.

प्रेमिला रडली नाही. पेटीतली दोन लुगडी गुंडाळून घेतली, पेटी तशीच उघडी ठेवली, म्हणजे पुन्हा पाहायचं असेल तर पाहा. जाताना म्हणाली, "आता मी नाही दाखवत. ज्याले पाहाचं असन त्यानं आपल्या हातानं टोपलं फिरवाचं." आणि दुपारच्या गाडीनं एकटी दरेकशाला निघून गेली.

पोळा झाला. दरेकशाहून गँगमनच्या हाती निरोप आला. प्रेमिलाचा भाऊ जागेश्वर कळवत होता की बहिणीवरचा चोरीचा डाग पुसून तिला नवरात्र बसायच्या आत नेलं नाही, तर पंचांसमोर काडीमोड करू आणि तिला दुसऱ्या घरी देऊ. खुशालनं निरोप ऐकला आणि जेवण सोडलं. मावशी म्हणाली, "चोरानं उलटा शिपायाले दम दिला."

पण बोलताना ती टोपल्याच्या खोलीकडे बघत होती. कारण तांदूळ आणखी खाली गेला होता.

आता प्रेमिला तर घरात नाही. मग कोण? मावशीनं कुलूप बदललं. खुशालच्या मागे मागे मालधक्क्यापर्यंत जाऊन आली, हा डब्यातून काय नेतो म्हणून. पोटच्या पोराचा डबा रस्त्यात उघडायला लावला. त्या दिवसापासून खुशाल घरी जेवेनासा झाला, स्टेशनातच मित्रांच्या खोलीवर राहू लागला. मग मावशीनं भिंतीवरून मला विचारलं, "शकुन, तुह्या घरी तांदूर कोनत्या मडक्यात ठेवतेस वं? पाहू दे जरा."

मी म्हटलं, "या मावशी, पाहा. आणि पाहून झालं की पुन्हा या भिंतीवरून मला हाक मारू नका." तिनं खरंच येऊन पाहिलं. मडक्यात हात घालून तांदूळ हुंगले. मी तिच्याशी बोलणं टाकलं. मला वाटलं होतं, तिला चार दिवसांत चुकल्यासारखं होईल. चुकल्यासारखं मलाच होत होतं, हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

भादव्यात पाऊस असा लागून राहिला की भिंतींना ओल आली, अंथरुणं दमट, मीठ पाझरलेलं. मावशी घराबाहेर पडेना. खोकी आणायला जाईना, टोपली थापीना. सारा दिवस आतल्या खोलीच्या दारात बसून कोपऱ्याकडे पाही. मी भिंतीच्या फटीतून पाहत होते. बाई वाळत चालली होती.

आणि एका दुपारी हाक आली. ती नेहमीची दटावणारी हाक नव्हती.

"शकुन. ये ना वं."

मी जायचं नाही असं ठरवलं आणि गेले.

झाकण बाजूला होतं. तांदूळ गेरूच्या रेघेच्या आता चार बोटं खाली गेलेला. राखेतल्या सूर्याला एक बारीक चीर, बाकी तो तसाच. मावशी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती.

"कुलूप माहं, किल्ली माही, घरात मी एकली," ती म्हणाली. "आता कोनावर घेऊ वं संशय?"

माझा राग अजून गेला नव्हता. मी म्हटलं, "टोपलं फिरवा."

"ठप्पा मोडन."

"मोडू द्या."

तिनं कनवटीचा ठप्पा चाचपला. मग उठली. दोघींनी मिळून धरलं, आणि धरताक्षणीच मी दचकले. टोपल्याचं पोट हाताला गार, ओलसर आणि मऊ लागत होतं. आम्ही ते अर्धं फिरवलं. आत तांदूळ सरकल्याचा आवाज झाला आणि राखेतला सूर्य मोडला. मावशीनं तिकडे पाहिलंही नाही.

मागच्या बाजूला चुन्याचा पांढरा सूर्य होता. चार कोपऱ्यांत चार ठिपके. प्रेमिला बोलली होती, अगदी तसाच. पण सूर्य भेगाळला होता, त्याची किरणं एकमेकांपासून दूर गेली होती.

मावशीनं फळीवरून तो पुठ्ठ्याचा कोरीव तुकडा काढला. पुरावा म्हणून जपून ठेवला होता. तो तिनं चुन्याच्या सूर्यावर धरला. बसेना. मधला सूर्य जुळवला तर ठिपके बाहेर राहत, एका बाजूचे ठिपके जुळवले तर दुसऱ्या बाजूचे बोटभर पलीकडे. तिनं तुकडा पुन्हा पुन्हा लावून पाहिला, काढून पाहिला, उलटा धरून पाहिला. याच कोरलेल्या तुकड्यातून काढलेला सूर्य याच तुकड्यापेक्षा मोठा झाला होता. बिनमेथीचा लगदा. पावसाची ओल पिऊन टोपल्याचं पोट सुटलं होतं, आणि पोट सुटेल तसे तांदूळ खाली खाली बसत होते, ठप्प्यासकट, राखेसकट, कुणीही हात न लावता.

साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या त्या बाईनं एकाच गोष्टीवर कधी संशय घेतला नव्हता, स्वतःच्या हातच्या टोपल्यावर. हे मी तिला तोंडावर सांगणार होते. जिभेवर आलंही होतं. पण तिच्याकडे पाहिलं आणि गिळून टाकलं.

ती टोपल्याच्या फुगलेल्या पोटावर तळहात ठेवून बसली होती. ओठ हलत होते. "रास बसते," ती म्हणाली. मग पुन्हा, "रास बसते."

"मावशी?"

"ओले धान होते वं ते. आभाळ भरून आलं म्हनून ओलेच मळले. मी होती ना तठी, राख घेऊन. माह्या पायाले ओले लागत होते." तिचा आवाज फुटला. "ओली रास वाळली न बसली. बाबा सांगत होते. माह्या घरी, याच खाटेवर बसून सांगत होते, न मी... मी त्याह्यच्या डोळ्यापुढं रोज ठप्पा मारत होती, शकुन. रोज!"

मग ती रडली. मी तिला तशी रडताना कधी पाहिली नव्हती. छाती बडवून, लहान पोरीसारखी, बाबा बाबा करत. मी तिला धरून बसले. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. तो म्हातारा मला डोळ्यांसमोर दिसत होता, खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन, आपल्याच लेकीला आपलाच ठप्पा आपल्यावर मारताना पाहणारा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही दरेकशाला निघालो. तिनं बरोबर फक्त तो पुठ्ठ्याचा तुकडा घेतला होता, पदरात गुंडाळून. गाडीत एकानं सरकून जागा दिली तर सवयीनं त्याच्याकडे रोखून पाहिलंच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मला त्याही स्थितीत हसू आलं, आणि बरंही वाटलं.

जागेश्वर अंगणात गवताची पेंढी बांधत होता. आम्हाला पाहून उठला नाही. "आता कायची झडती घ्याले आल्या?" त्यानं विचारलं. प्रेमिला दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली.

मावशी अंगणाच्या मधोमध उभी राहिली. शेजारच्या दोन-तीन घरांतून लोक डोकावत होते. ते नीट बाहेर येईपर्यंत ती थांबली, हे मी पाहिलं. मग ज्या आवाजात रेलटोलीत चोरी सांगितली होती, त्याच आवाजात म्हणाली, "आयका सगळे! माही सून चोर नोहोय. मी खोटा आळ घेतला. न माहा बापही चोर नोहोता!"

जागेश्वर गोंधळला. बापाचं काय, ते त्याला कळेना. प्रेमिलालाही कळलं नसावं. तिनं एवढंच विचारलं, "टोपलं फिरवलं काय?"

"फिरवलं."

"न ठप्पा?"

"मोडला, पोरी. माह्या हातानं मोडला."

प्रेमिला तिच्याकडे पाहत राहिली. ती नाही म्हणाली असती तर तिला दोष देणारी मी कोण? मग ती आत वळली आणि दोन लुगडी गुंडाळू लागली. आतून तिचा आवाज आला, "पन एक सांगून ठेवते, आत्याबाई. तुमचा पोरगा स्टेशनावर आला पाहिजे मले घ्याले. टोपी घालून!"

गँगमनच्या हाती निरोप गेला, आणि गोंदियाच्या स्टेशनावर खुशाल आला होता. टोपी घालून.

घरी आल्यावर सासूसुनेनं मिळून ते टोपलं रिकामं केलं, तांदूळ उन्हं पाहून वाळवले, मातीच्या मडक्यांत भरले. टोपलं पुन्हा रांजणात भिजत गेलं. काळे कपटे एकेक वेचून काढले, आणि या वेळी छोटेलालकडून मेथी आणली. मावशीनं मेथीचा वास घेतला, छोटेलालच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "जुनी तं नोहोय?" छोटेलालनं कपाळाला हात लावला.

त्याच पितृपक्षात, सर्वपित्रीला, त्या घरात टिकारामच्या नावाचं पान पहिल्यांदा मांडलं गेलं. चोराला पान वाढायचं नाही, असं मावशीनं इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. नातू म्हणून खुशाल पाटावर बसला. भात शिजायला टाकायचा होता. मावशीनं कनवटीची किल्ली सोडली आणि प्रेमिलाच्या हातात दिली.

"तांदूर काढ. बाबाच्या नावाचे. कितीक घ्याचे ते तूच पाह्य."

आणि ती खोलीकडे पाठ करून बसली. मी समोरच होते. आतून मडक्याचं झाकण वाजलं, तशी तिची मान वळायला लागली. सवयच ती. अर्धी वळली, थांबली, आणि तिनं पदर कानापर्यंत ओढून घेत मान परत फिरवली. मापात तांदूळ पडल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"झालं, आत्याबाई," प्रेमिला म्हणाली. "माप भरलं."

"वरतून अजून घाल, पोरी," मावशी मागे न पाहता म्हणाली. "रास बसते."